पंचविसावा

नागदेवीच्या गल्लीत सकाळी अकराला
हातगाड्या वाट मागत नाहीत, घेतात.
कुतुबभाईंच्या दुकानात गिऱ्हाइकाला एक फरशी,
बाकी सगळं गोणपाटात, तेलकट, किलोवर.

माझी यादी : सोळा एमएम, लांबी पासष्ट,
नग चोवीस, नट-वॉशरसकट.
चिंचपोकळीच्या एका गच्चीवर टाकीचा स्टँड बसवायचाय.
पाच हजार लिटर, म्हणजे पाच टन,
म्हणजे खाली झोपलेली दोन कुटुंबं.
सेक्रेटरी पेडणेकर म्हणाले होते,
"बोल्ट तो बोल्ट, मॅडम. दिसतो कुणाला?"

कुतुबभाई काउंटरवर दोन ठेवतात,
सारख्याच उंचीचे, सारख्याच अंगाचे.
एकाचं डोकं कोरं.
दुसऱ्याच्या डोक्यावर उठून आलेलं : आठ, टिंब, आठ.
"कोरा वाईटच असेल असं नाही, बेन.
पण त्यानं नाव सांगितलेलं नाही."

गल्ल्यामागचा नवा पोऱ्या कान देतो,
म्हणून ते त्याच्याकडे बघून बोलतात :
"पहिला आठ, तुटायचा.
मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान जागेवर ऐंशी किलो,
तिथे संपला.
टिंबानंतरचा आठ, परतायचा.
ऐंशीतले दहात आठ, म्हणजे चौसष्टपर्यंत
तो ताणला जाईल आणि सोडलास की
होता तेवढाच होईल.
त्यापुढे तुटेलच असं नाही.
फक्त परत येणार नाही."

पोऱ्या मनातल्या मनात चार पॉइंट सहाचा हिशेब करतो.
बोटं हलतात त्याची. चोवीस, तो पुटपुटतो.
कुतुबभाई त्याला चहा आणायला पाठवतात,
शाबासकी म्हणून.

"बारा पॉइंट नऊ देऊ?" ते मला विचारतात, मुद्दाम.
त्यांना माहीत आहे मी नाही म्हणणार.

दारूखान्यात, आग्नेल मास्तरांच्या हाताखाली
मी शिकत होते तेव्हाची गोष्ट.
क्रेनच्या ब्रॅकेटला मास्तरांनी सगळ्यात मोठा आकडा आणला,
वर, खाडीचा वारा म्हणून, चकचकीत झिंक चढवून घेतलं.
आवळले. पुसले. पुन्हा पुसले.
तिसऱ्या रात्री, क्रेन बंद, हुकाला काही नाही,
वॉचमन म्हणाला, टक्क.
फक्त एवढंच.
सकाळी पत्र्यावर एक डोकं पडलेलं, तुटका भाग दाणेदार,
ताण खाल्ल्याची कुठेही खूण नाही.
ॲसिडच्या पिंपात काहीतरी आत शिरतं, मास्तर म्हणाले,
आणि इतक्या कडक लोखंडाला
ते बाहेर काढता येत नाही.
महिनाभर ते डोकं त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं.
खिसा फाटला, मग कुठे पडलं
त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

"आठ पॉइंट आठच द्या," मी म्हणते,
"गरम जस्तात बुडवलेले. आणि नटावर आठ आहे का बघा."
"मऊ नट म्हणजे," कुतुबभाई मान डोलावतात,
"बोल्ट उभा आणि आटे गायब."
हल्ली डोक्यावरचा आकडाही खोटा छापतात लोक.
दोघांनाही हे माहीत असतं,
म्हणून त्यावर कुणी काही बोलत नाही.

ते मोजतात. दोन-दोन, जोडीनं, आवाज ऐकत.
चोविसावर थांबतात,
गोणीत पुन्हा हात घालतात, न बघता एक उचलतात.
"हा तोडायला," म्हणतात. "पैसे नको."

संध्याकाळी शिवडीला, वर्कशॉपच्या व्हाइसमध्ये
मी त्याला नटासकट अडकवते.
पान्याला चार फुटी पाइप लावते, सगळं वजन टाकते.
पहिल्यांदा तो नुसता ऐकून घेतो.
मग पाना जड व्हायचा थांबतो,
आणि पाइप माझ्या हातात हळूहळू, नको तितका सोपा फिरतो.
मी सोडत नाही.
शेवटी सुटतो तो आवाज न करता फारसा,
मानेपाशी बारीक होऊन,
ओढलेल्या गुळाच्या पाकासारखा.

खरा होता.

उद्या चोवीस जण गच्चीवर जातील, टाकी भरेल,
पेडणेकर नळ उघडून बघतील आणि बंद करतील.
बिलात चोवीसच नग आहेत.
मी दोन तुकडे कापडानं पुसते,
डोक्याकडचा तुकडा ड्रॉवरमध्ये टाकते,
आधीच्यांच्या शेजारी.