मिरचीच्या ढिगाची उंची

मेजर निनावे सर गेले, हे मला कळलं
तांडापेठेत, पाइपलाइनच्या खड्ड्यात उभा असताना.
फोन वर ठेवला होता, विटेवर.
मजूर म्हणाला, साहेब, वाजून राह्यला.
गुडघाभर गाळ होता. म्हटलं, वाजू दे.
तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला.

नागपूर सपाट. सरांना तेच खटकायचं.
अठ्ठावीस वर्षं डोंगरात काढून आलेला माणूस
मनपाच्या शाळेत भूगोल शिकवायला बसला
(खुर्चीत कधी बसलाच नाही, ते सोडा)
आणि खिडकीबाहेर चढ म्हणून काय,
तर सायकलवरून उतरावं लागेल न लागेल
असा रेल्वेचा एक पूल.
"समोच्च रेषा," ते म्हणाले, "फळ्यावर नाही कळत."

म्हणून आम्ही बेचाळीस पोट्टे
मार्चच्या एका सकाळी कळमन्यात, मिरचीच्या यार्डात.
अडत्याशी काय बोलले कोण जाणे,
त्यानं एक अख्खा ढीग तासभर आमच्या हवाली केला.
भिवापुरी, लाल, पुरुषभर उंच.
सरांनी पिशवीतून सूत काढलं,
वडिलांच्या मागावर उरलेलं, पिवळं पडलेलं,
वीतभर उंचीवर एक वेढा, मग दुसरा, मग वरचा.
"आता हातगाडीवर चढून वरून बघा.
दोरे जवळ कुठं आले?"
आम्ही शिंकत होतो, बेचाळीस जण, न थांबता.
सरही शिंकले. ताठ उभं राहून,
जणू तेही परेडमध्ये असतं.
"जवळ आले तिथं कडा. लांब गेले तिथं पाय टाका.
डोळ्यांतून पाणी येतंय? येऊ द्या. वहीत काढा."

शिस्त, शिस्त, लोक म्हणतात. मला ती आठवत नाही.
आठवतं ते असं, की उत्तर चुकलं तर ओरडायचे नाहीत,
अंदाजानं ठोकलं तर ओरडायचे.
"अबे, माहीत नाही म्हण!
माहीत नाही म्हणायचे काय पैसे पडतात?"
मग खडू ठेवून व्हरांड्यात जायचे,
रांजणातलं पाणी प्यायचे, दोन ग्लास.
परत यायचे तेव्हा आवाज साधा.

ते काहून, हे एकदाच कळलं. मे महिना,
कूलरची मोटर जळलेली, वाळ्याचा नुसता वास.
मी डिप्लोम्याचे पेढे घेऊन गेलो होतो.
भिंतीकडे बघत म्हणाले,
एका नाल्याबद्दल मी अंदाजानं सांगितलं होतं.
दोघं गेले बघायला. एक भंडाऱ्याकडचा होता,
त्याला पोहे फार आवडायचे.
एवढंच.
मग म्हणाले, पेढा चांगला आहे, कुठला?
मी दुकान सांगितलं.

तेरवीनंतर शशिकलाबाईंनी ट्रंक उघडली.
पदकं पुतण्याकडे गेली होती. उरला एक नकाशा,
घड्यांवर मागून कापड चिकटवलेला,
आणि एका जागी इतकं खोडलेलं, की कागद
कांद्याच्या पापुद्र्यासारखा, उजेड आरपार.
"तू शिकलास ना हे, हेमराज? इथं काय आहे?"
रेषा जवळ जवळ होत्या. मी पाहिल्या.
मोजल्यासुद्धा.
म्हटलं, "काकू, इथं झरा असावा."
त्या बराच वेळ तिथं बोट ठेवून बसल्या.
"म्हणजे पाणी होतं तर," म्हणाल्या.

वही फेकली असती तुम्ही, सर.
अंदाजसुद्धा नव्हता तो.

आज तांडापेठेत व्हॉल्व्ह उघडायचा आहे.
गल्लीच्या टोकाच्या घरातली बाई
रिकामी गुंडी कमरेवर घेऊन विचारते,
आमच्यापर्यंत चढन का जी पाणी?
माहीत नाही, म्हणतो मी.
थांबा. लेव्हल लावून बघतो.