उसवायचे दर

शिवायचे अक्षरामागे दोन युरो,
उसवायचे तीन.
लोकांना हे उलटं वाटतं.
मी सांगते, शिवताना मशीन दमतं,
उसवताना डोळे.
अक्षरांच्या डोक्यावरचे ठिपके फुकट,
दोन्ही वेळा.

रिंकच्या मागच्या दाराशी, सॉसेजच्या टपरीला लागून
माझं दुकान. खिडकी एक, दिवा एक.
वारा फिरला की कागदाच्या गिरणीचा वास आत येतो.
गिरणीत सगळे कामाला होते तोवर म्हणायचे,
हा पैशाचा वास.
आता नुसता वास म्हणतात.

एप्रिलात हंगाम संपतो, मग करार संपतात,
मग माझ्याकडे पोत्यानं जर्सी येतात.
पोयहोनेन गेला त्या उन्हाळ्यात एकतीस आल्या.
आठ अक्षरं, चार ठिपके, खाली तेवीस नंबर.
पोरगा इथलाच, बंदरामागच्या वसाहतीतला,
गोठलेल्या खाडीवर फावड्यानं बर्फ सारून
खेळायला शिकलेला,
आणि गेला कुठे,
तर खालच्या किनाऱ्यावरच्या त्या क्लबात
ज्यांचं नाव आमच्याकडे जेवताना काढत नाहीत.

काही जण बोललेच नाहीत.
काउंटरवर जर्सी पालथी टाकली,
मासा टाकतात तशी, साफ करायला.
एका बाईनं निम्मे टाके
घरीच दातांनी तोडून आणले होते,
कापडाला भोकं.
एकानं विचारलं, पहिली तीन अक्षरं ठेवता येतील?
नवा गोलकीपर पोय्सा आहे म्हणे.
त्याचे नऊ युरो वाचले.
एवढा व्यवहारी माणूस
या गावात मी दुसरा पाहिला नाही.

कात्रीचं टोक घालते, धागा उचलते.
अक्षर सुटून येतं, कडा वाकवत, कुरकुरत.
पण खाली नाव असतंच.
सात वर्षांचं धुणं, घाम, बिअर
सगळ्या पाठीला लागली,
त्या आठ जागांना नाही.
तिथला निळा अजून दुकानातला निळा.
गिऱ्हाईक उजेडाशी धरून बघतं,
म्हणतं, हेही काढा.
ते माझ्या दरपत्रकात नाही.

सुटलेली अक्षरं मी बिस्किटांच्या डब्यात ठेवते.
एन ढिगानं आहेत. लहान पोरांच्या जर्सीला
तीच लावते, निम्म्या दरात.
कुणाचा एन कुणाच्या पाठीवर
हे फक्त मला माहीत, आणि मीही विसरते.

ओइवा आला तो सप्टेंबरात.
बंदरावर क्रेन चालवायचा, आता गुडघे चालत नाहीत.
त्यानंही जर्सी पालथी टाकली.
मी कात्री घेतली, विचारलं, नाव?
म्हणाला, काख.
काख उसवली आहे.

नोव्हेंबरात पोयहोनेन आला, पाहुण्यांच्या पांढऱ्यात,
आणि शेवटच्या चार मिनिटांत गोल केला,
आम्हीच शिकवलेल्या त्या तिरक्या फटक्यानं.
गॅलरी गप्प.
मग डोकी वळली, त्याच्याकडे नाही,
वरून तिसऱ्या रांगेतल्या तेवीस नंबरकडे.
कुणीतरी सॉसेज फेकलं, मोहरीसकट.
ओइवा उठला नाही.
नुसता जरा पुढे वाकून बसला,
म्हणजे मागच्यांना नाव आणखी नीट दिसलं.

दुसऱ्या दिवशी डाग घेऊन आला.
मी म्हटलं, आता तरी काढू या का?
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला,
टपरीवाला बर्फावर मीठ टाकत होता.
"याचे सोळा युरो आइलीनं दिले होते," म्हणाला,
"तुझ्याशी घासाघीस केली होती तिनं.
तिला हॉकीतलं ओ की ठो कळायचं नाही,
पण सोळा जास्त होतात हे कळलं. आठवतं?"

मला आठवत नव्हतं.
हो म्हणाले.

मोहरी सगळी निघाली नाही.
दुसऱ्या ओवरचा एक ठिपका सुटत आला होता,
तो घट्ट केला.
त्यानं पाकीट काढलं.
पाटीकडे बोट दाखवलं मी,
ठिपके फुकट.