सांधा

ऑस्मोच्या भट्टीत आज
बापाची मोडकी करवत
आणि ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं कडं.
टाकणखार शिंपडून तो थांबतो,
लालाचं केशरी, केशरीचं
लोण्यासारखं पिवळं होईस्तोवर.
मग घण.

दुमड, ठोक, दुमड.
सातव्या घडीनंतर मोजणं सुटलं.
बाहेर कौहावा गाव, उणे एकतीस;
आत सदऱ्यावर घामाचं मीठ.

तेलात पाणी दिलं तेव्हा पातं
एकदाच चुरचुरलं.
बापही जेवताना एवढंच बोलायचा.

आता आम्लाच्या बरणीत, दोरीला टांगलेलं.
काळ्यातून करवतीच्या पांढऱ्या रेघा
हळूहळू वर येतात,
गोठता गोठता हललेल्या तळ्यासारख्या.
मुठीजवळ मात्र सांधा धरलेला नाही,
केसाएवढी फट.

घासली तर जाईलही.
ऑस्मो तिच्यावरून अंगठा फिरवतो
आणि मुठीसाठी
भूर्जाचा तुकडा शोधायला उठतो.