शेऱ्याचा रकाना

गोरेवाड्याच्या पलीकडे, काटोल रोड सोडून
डावीकडे जी पांदण जाते, तिथे मे महिन्यात
मी झाडं मोजत होतो. पांढऱ्या पट्ट्यावर लाल आकडा.
सागाला आकडा, येनाला आकडा, तेंदूला आकडा.
रजिस्टरात रकाने पाच:
जात, घेर, उंची, प्रकृती, शेरा.

एकशे एक्केचाळीस नंबरचा मोह.
घेर दोन मीटर चाळीस. प्रकृती बरी,
म्हणजे आतून पोकळ, बाहेरून ताठ.
टेप फिरवायला हात मागे घातला
तर बोटांना दोऱ्या लागल्या.

मुळं. उघडी, राखाडी, सुतळीएवढी,
सालीच्या भेगा धरून चाललेली,
काही नुसतीच हवेत, काहीच न धरता.
टोकं तेवढी हिरवी.
वर पानं दोन रांगांत, जाड, मधोमध पन्हळ पडलेली,
प्रत्येकाचं टोक कुरतडल्यासारखं.
उंदीर नाही, किडा नाही, तसंच जन्मतं ते.
आणि पानांच्या बगलेतून एक दांडी,
दांडीवर सात फुलं,
शेहेचाळीस डिग्रीत.

मी कोष्ट्याचा पोरगा. पाचपावलीतला आमचा माग
मी नववीत असताना जळणाच्या भावात गेला.
डोळा मात्र अजून ताणा-बाणा शोधतो.
पाकळ्यांवर चौकडा होता:
पिवळट हिरव्या जमिनीवर तपकिरी सूत,
कुठे तार तुटलेली, कुठे दुहेरी.
हातमागाचीच खोड ती.
मधली जीभ निळी-जांभळी,
जसा शेवटच्या लुगड्याला आईनं
उरलेल्या रेशमाचा काठ लावला होता,
गिऱ्हाइकानं मागितला नसताना.

परातेसाहेब जीपमध्ये टरबूज खात होते.
मी विचारलं, हे लिहू काय?
"बांडगूळ आहे ना बे ते. झाड मोज."

खाली टोळंबी वेचणारी सुगरताबाई कुमरे
मान वर न करता बोलली:
"बांडगूळ झाडाचं रगत पिते. हा वांदा होय.
हा नुसता बसते, कडेवर पोरगं बसते तसा.
दवावर जगते."
सांधे धरले की बोटभर मूळ नेते ती, उकळून लावते.
"पुरा उपटला तं पुढच्या साली कोनाले मागू?"

वांदा. आमच्या नागपुरात वांदा म्हणजे अडचण.
काही वांदा नाही, असं आम्ही म्हणतो
नेमका असतो तेव्हा.

शेऱ्यात मी लिहिलं: झाडावर वांदा आहे.

ऑफिसात ते जसं वाचायचं तसं वाचलं गेलं.
कसला वांदा? जागेचा? कोर्टाचा? वारसांचा?
फाईल नझूलला गेली, तिथून भूमी अभिलेखला,
तिथले बाबू लग्नाच्या रजेवर.
पावसाळा संपला. दिवाळी झाली.
मला कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
खरं सांगायचं तर विसरलो होतो.

मधे एका मॅडमनी सांगितलं, महाराजबागेजवळच्या कॉलेजातल्या:
बी त्याचं पिठाहून बारीक,
एका शेंगेत हजारो, आणि एकाच्याही पोटात शिदोरी नाही.
वारा टाकेल त्या सालीवर पडायचं,
खाऊ घालणाऱ्या बुरशीची वाट पाहायची.
बहुतेक मरतात. उरलं एखादं
तर फुलायला कितीतरी वर्षं.

जानेवारीत बोलावणं आलं. मी म्हटलं,
साहेब, वांदा म्हणजे फूल.
सगळं टेबल हसलं. मला चहा पाजला.
शेरा खोडून वर सही घेतली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या पांदणीनं गेलो,
आरा यायच्या आधी.
फुलांचं नाव नव्हतं. दांडीला दोन शेंगा,
सुकलेल्या, शिवण उसवल्यासारख्या उभ्या चिरलेल्या.
एक रिकामी.
दुसरीला नखानं टिचकी मारली
तर पिवळसर धूर निघाला,
थोडा वर गेला, थोडा बाभळींकडे,
थोडा माझ्या नाकात.
मी शिंकलो, दोनदा.
किती वाया गेल्या, काय माहीत.