एकास तीनशे

शिवडीच्या गाळ्यात माणसं रंगवायचं काम माझ्याकडे आहे.
एकास तीनशे, म्हणजे माणूस
तांदळाच्या दाण्याएवढा,
तोही आंबेमोहोर, बासमती नव्हे.
चिमट्यात धरायचा. एक टिपका डोकं, एक टिपका सदरा.
चेहरा काढायचा नाही, खडपेकाका सांगतात,
चेहरा दिसला की गिऱ्हाईक बिथरतं.

बायका, मुलं, कुत्रं घेऊन निघालेला एक म्हातारा,
तो प्रत्येक इमारतीखाली लागतोच.
झाडं नूरुल करतो, स्पंज रंगवून, पोह्यांच्या चाळणीतून चाळून.
तलावाचं पाणी म्हणजे रेझिन:
ओतलं की रात्रभर
गाळ्यात कुणी पाय आपटून चालायचं नाही.

त्या वर्षी वाळवंटातून ऑर्डर आली.
हजार मीटर. वर बाग, बागेत धबधबा,
एकशे चाळिसाव्या मजल्याला टेकलेला
कापसाचा ढगही हवा होता त्यांना.
काकांनी आकडा दोनदा वाचला,
मग माळ्याच्या दोन फळ्या उचकटल्या,
कारण आमचं आभाळ नऊ फुटांवर
आणि मनोरा अकरा फुटांचा.

माझा मधला भाऊ, रघुवीर, तेव्हा तिथंच होता, शटरिंगला.
फोनवर म्हणायचा, मनोरा कसला, खड्डा आहे खड्डा.
पाणी लागलंय. वाळवंटात, खाली, खारट.
रात्रंदिवस पंप चालतो.

मी काकांना विचारलं, कामगार कुठं लावू?
काका चष्म्यावरून बघत राहिले.
अगं, पुरी झालेली इमारत दाखवायची असते.
पुरी झाल्यावर कामगार कशाला?

मी एक रंगवला. पिवळं हेल्मेट,
एक्क्याण्णवाव्या मजल्यावर, मागच्या अंगाला.
नूरुलनं पाहिलं. बोलला काही नाही,
पण त्याच्या डोक्यावर एक बारका दिवा जोडून दिला.

खोका गेला. प्रदर्शन झालं.
पेपरात फोटो आला, त्यात ढगच मोठा दिसत होता.
मग काही नाही.
रघुवीर परत आला, पाच महिन्यांचा पगार तिकडे ठेवून.
घड्याळ अजून दीड तास मागेच ठेवतो.
म्हणतो, पैसे आले तर वेळ चुकायला नको.

दोन वर्षांनी खोकाही आला, बंदरातून, भाडं आमच्याच गळ्यात.
मनोऱ्याचे तीन तुकडे, तळाला चमचाभर वाळू,
आणि वाळूत माझी माणसं,
उन्हानं डिंक सुटून एकमेकांत मिसळलेली,
कुत्रं कुणाचं, म्हातारा कुठला, कळेना.
एक्क्याण्णवाव्यावरचा मात्र जागेवर होता.
दिवा गेलेला.

गाळ्याच्या खिडकीतून एक दिसते,
त्रेचाळिसाव्यावर थांबलेली, डोक्यावर क्रेन,
क्रेनच्या सावलीत कुठल्याशा मजल्यावर पिंपळ.
तिचीही माणसं मीच रंगवली होती.
ती तिथं कधीच राहायला गेलीत,
माहितीपत्रकात तसं छापलंय.

ज्या उभ्या राहिल्या,
त्यांच्या फाटकाशी वॉचमन मला नाव, काम, कुणाकडे, विचारतो.
न झालेल्या सगळ्या आमच्या माळ्यावर आहेत
आणि माळ्याची चावी माझ्या कमरेला.

परवा रघुवीरला घेऊन गेले.
वरच्या बागेकडे त्यानं पाहिलंही नाही.
उकिडवा बसला, पायथ्याशी, जिथं मी
लोखंडी कारंज्याभोवती सहा बायका लावल्या होत्या,
आणि बोटाच्या पेरानं प्लायवूडवर वाजवलं.
पोकळ.
खाली काहीच नाही केलंत? म्हणाला.
नाही.
मग त्यानं हात फळीच्या खाली घातला,
वीतभर मोकळ्या हवेत, जाळीजळमटांत,
आणि म्हणाला, इथवर.
थोडं थांबून हात अजून जरा खाली नेला.