एकसष्ट

छापील हजेरीपटात साठ नावं,
खाली निळ्या पेनने: ऋजुता देवरे.
पहिले चार दिवस सर साठवरच थांबले.
ती मात्र 'हजर' म्हणाली, चारही दिवस,
कुणी विचारलं नसताना.

सातपूरहून एकटी येते आता.
बसचा नंबर तळहातावर.
परवा घामाने पुसला,
तर अशोकस्तंभापर्यंत गेली, तिथून चालत मागे आली,
तास संपता संपता.
उशीर, सर म्हणाले.
हो ना, ती म्हणाली.

परीक्षा आम्हाला आहे, तिला नाही.
तरी वही भरते: फळ्यावरचं सगळं,
डस्टरचे फराटेसुद्धा.
पुरवठ्याची रेघ तिला पांडवलेण्याची चढण वाटते.
मी हसलो.
मग मलाही तशीच दिसायला लागली.

कागदोपत्री मी तिचा सोबती.
दोन क्रेडिट मिळतात त्याचे.
हे तिला सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात तापाने पडून होतो.
परत आलो तेव्हा कळलं,
सर 'बारा' म्हणाले की
मागच्या बाकावरून आवाज यायचा,
'भूषण नाही आला.
त्याचं मी लिहितेय.'

तिन्ही दिवस.
कुणी विचारलं नसताना.