दार एक

आत्याने दार आणलं होतं.
गेटवरच्या पोराने तक्ता चाळला: घोडे, तोफा, बंदुकांचे परवाने,
दार कुठल्या रकान्यात लिहायचं त्याला उमगेना.
"कोणत्या बाजूने लढणार?"
"दाराला दोन्ही बाजू असतात," आत्या म्हणाली
आणि मला कोपराने ढोसलं, उचल म्हणून.

डिसेंबरचा पहिला शनिवार. स्लावकोवच्या शेतांवर धुकं,
खाली नांगरट गोठून विटेसारखी.
मी व्हॅनचा ड्रायव्हर, हमाल आणि भाचा.
मला त्या लढाईतलं एवढंच ठाऊक:
बादशहा तीन. शेत मात्र आमचं.

ड्राहोमीरा आत्याने चाळीस वर्षं टपाल वाटलं
आणि सुट्टीच्या दिवशी, ब्रनोच्या दफ्तरखान्यात,
जुनी जर्मन अक्षरं सोडवली
जाळ्यातून मासा सोडवावा तशी, कल्ला फाटू न देता.
तिथे तिला गावाच्या नुकसानीची यादी सापडली.
हंस अकरा.
गवत, सगळं. कुंपण, सगळं.
पाळणा एक, रिकामा.
दार एक, ओकचं, कडीसकट.
दारापुढे आमचं आडनाव.

"लढाई दुसऱ्या दिवशी," आत्या सांगते,
"आपण आदल्या रात्रीच हरलो होतो.
थंडी होती ना. अख्खं गाव शेकोटीत गेलं."

दुपारी लढाई झाली. सडक्या अंड्यांच्या वासाचा धूर,
लाउडस्पीकरवर एकजण फुटबॉलचं सांगावं तसं सांगत होता.
रशियन पलटणीत ओस्त्रावाचे प्लंबर,
मेलेले लोक कोपरावर रेलून फोटो काढत होते.
एरवी आत्या वहीत चुका टिपते:
पट्टा उलटा, मिशी खोटी, बार शंभर पावलं आधीच.
यंदा तिने वही मला दिली.
तंबूंकडे जाणाऱ्या वाटेवर तिने दार उभं केलं,
दोन वाशांचा टेकू लावला,
आणि दारामागे, भिंती नसलेल्या घरात,
स्टुलावर बसून राहिली.

लोक वळसा घालून जात होते.
एका कुत्र्याने तंगडी वर केली.
कुणी तरी उंबरठ्यापाशी नाणं टाकलं, ते तिने खिशात घातलं.
"काय काय नेलं ते यादीत आहे," ती मला म्हणाली,
"दारात उभी असलेली बाई काय म्हणाली ते नाही.
मी 'नाही' म्हणणार आहे. एकदाच. मग नेऊ देत."

अंधार पडू लागला. तंबूवाल्यांची लाकडं ओली निघाली.
लियाँचा एक दंतवैद्य, ग्रेनेडियरच्या कोटात,
नाक लाल, हातात कुऱ्हाड,
आमच्या दारापुढे येऊन थांबला.
डावीकडे मोकळं रान, उजवीकडे मोकळं रान.
त्याने कुऱ्हाड खाली ठेवली,
दातांनी हातमोजा ओढून काढला
आणि दार वाजवलं.

आत्या उठली. तोंड उघडलं.
चाळीस वर्षं दुसऱ्यांची दारं वाजवलेली बाई.
'नाही' ओठांपर्यंत आलं
आणि तिथेच त्याची वाफ झाली.
तिने कडी काढली.

मग दोघांनी थर्मासमधला चहा प्यायला, एकाच झाकणातून,
एकमेकांची भाषा येत नसताना
बराच वेळ काही तरी बोलत.
त्याने तिची एक दाढ पाहिली, मान हलवली.
लाकडं आम्ही व्हॅनमधली दिली, टेकूचे वासे पण.

परतताना दार मागे खडखडत होतं.
पुलापर्यंत आत्या गप्प.
मग म्हणाली, "त्याच्या कोटाचं तिसरं बटण
दुसऱ्याच पलटणीचं होतं."
मी हुंकार दिला.
वळणावर वेग कमी केला तेव्हा परत म्हणाली,
"आणि त्यांनी दार वाजवलं नसणार.
ही सगळ्यांत मोठी चूक. लिहून ठेव."

वही माझ्या मांडीवर होती.
दोन्ही हात मी स्टिअरिंगवरच ठेवले.